उतारवयातली सोबत (लेखांक ६) : तेरवीनंतर येणारी मैत्रीण

मागच्या आठवड्यात आपण उतारवयातल्या नवरा-बायकोच्या बोलण्याविषयी वाचलं. आज मैत्रिणींकडे वळू, आणि त्यासाठी भंडारा जिल्ह्यात जाऊ.

धानाच्या या पट्ट्यात बाईची मैत्री बहुधा कामात जुळते. रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या दिवसांत चिखल केलेल्या बांधीत दहा-बारा जणी वाकून एका रांगेत मागे मागे सरकत असतात. हात पऱ्ह्यांत, म्हणजे रोपांत, नजर चिखलात. समोरासमोर बसून जे तोंडातून निघत नाही, ते इथे शेजारणीला सहज सांगता येतं. कोणी चेहरा न्याहाळत नाही, मधेच गप्प झालं तरी चालतं, डोळे भरून आले तर ते घामात खपून जातं. लेकाची दारू, सुनेचा अबोला, कुणाला न दाखवलेलं दुखणं. त्यावर उत्तर येतं ते बहुतेक वेळा "हो ना वो माय" एवढंच. त्यात सल्ला नसतो, पण बोलणारीला पुढे बोलायची मुभा मिळते, आणि माझ्या मते आधार म्हणतात तो हाच.

ताण आला की प्राणी लढतो नाही तर पळतो, असं शास्त्र फार काळ सांगत होतं. 2000 साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ शेली टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात भर घातली. संकटात स्त्रिया लेकराबाळांना सांभाळतात आणि एकमेकींच्या जवळ सरकतात, तीही जगण्याची एक रीत आहे, असं त्यांनी मांडलं. झिम्बाब्वेचे मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी 2006 पासून वस्तीतल्या आज्यांनाच ऐकण्याचं प्रशिक्षण दिलं आणि दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसवलं. उदास, चिंताग्रस्त माणसं त्यांच्याशी बोलू लागली. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या माणसांची लक्षणं नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झालेली दिसली.

पण नुसतं बोलणं पुरतं असंही नाही. मानसशास्त्रज्ञ अमँडा रोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकच दुःख दोघींनी पुन्हा पुन्हा घोळवलं तर मैत्री घट्ट होते, पण उदासीही वाढते, असं मुलींच्या बाबतीत त्यांना आढळलं. अभ्यास लहान वयाचा असला, तरी ओट्यावर रोज तेच गाऱ्हाणं ऐकणाऱ्या आजीला हे पटेल. तासभर ऐकून झाल्यावर "चल, देवळापर्यंत जाऊन येऊ" म्हणणारी मैत्रीण म्हणूनच मोलाची.

तिची खरी गरज पडते तेरवीनंतर. नवरा गेला की तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं असतं. चौदाव्या दिवशी भांडी परत जातात, लेक मुंबई-पुण्याला निघतो, आणि संध्याकाळी ताट कुणासाठी वाढायचं हा प्रश्न उरतो. त्या आठवड्यात जी मुद्दाम येऊन बसते, तिच्याजवळ गेलेल्या माणसाबद्दल बरंही बोलता येतं आणि वाईटही. लेकरांजवळ ते जमत नाही.

माहेरच्या मैत्रिणीची जागा आणखी वेगळी. सासरच्या गावात बोललेलं फिरून घरी पोहोचायची धास्ती असते; माहेरी सांगितलेलं माहेरीच राहतं. भाऊबीजेपासून इकडे गावोगाव मंडई, म्हणजे गावची जत्रा भरते, प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. दंडार हा लोकनाट्याचा खेळ होतो, रात्री झाडीपट्टीचं नाटक. आईबाप कधीचे गेलेल्या सत्तरीतल्या बायकाही भावाच्या घरी येतात, आणि लग्नानंतर वेगवेगळ्या गावांत पांगलेल्या दोघी-तिघी अंगणात उजाडेपर्यंत जाग्या असतात.

वय वाढतं तशी ही निमित्तं मात्र गळत जातात. गुडघे धरले की रोवणी सुटते. नळ दारात आला, त्याचा आनंदच आहे, पण विहिरीवरचं बोलणं संपलं. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी 1988 साली झाली, पुढे त्या धरणासाठी नदीकाठची गावं उठली. शेताचा, घराचा मोबदला ठरला. भिंतीपलीकडून हाक मारणारी शेजारीण कुठल्या रकान्यात लिहायची?

एका गोष्टीने मात्र मोठी सोय केली. 17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना 2022 पासून प्रवास मोफत. लेकाकडे पैसे मागावे लागत नाहीत, म्हणून कशाला जातेस हेही सांगावं लागत नाही. ज्या घरात आजी अशी मैत्रिणीकडे निघते, तिथे तिला अडवू नका.

मैत्रीण जेवेनाशी झाली, "आता जगून काय करू" म्हणू लागली, तर मात्र ते गुपित ठेवायचं नाही. तिला स्पष्ट विचारावं, तिच्या घरच्यांना सांगावं, सोबत डॉक्टरांकडे जावं. टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर फोन मोफत लागतो आणि मराठीत बोलता येतं.

आणि एक काम लेकासुनांसाठी. आजीचा फोन बहुधा नातू लावून देतो, स्पीकर चालू असतो, घर ऐकत असतं. मग "बरी हायेस ना?" "बरी हाये" इथेच बोलणं आटोपतं. बटणांच्या फोनवर मैत्रिणीचा नंबर 2 या बटणाला जोडून द्या, ते दाबून धरायला शिकवा, स्पीकर बंद कसा करायचा ते दाखवा, आणि तिला फोन घेऊन परसात जाऊ द्या.