बागबाजारचा मराठा खंदक

कलकत्त्याच्या उत्तर भागात, हुगळीच्या काठी बागबाजार ही जुनी वस्ती आहे. नवीनचंद्र दासांचा रसगुल्ला इथलाच, भगिनी निवेदितांची मुलींची शाळाही इथलीच. पण इथल्या एका गल्लीचे नाव वाचून मराठी माणूस क्षणभर थबकतो. ते नाव आहे ‘मराठा डिच लेन’, म्हणजे मराठा खंदक गल्ली! कलकत्त्यात मराठ्यांचा खंदक आला कोठून?

हा खंदक मराठ्यांनी खणलेला नाही, तो मराठ्यांच्या धास्तीने खणला गेला. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर चौथाईसाठी बंगालवर चालून गेले. गावे लुटली, जाळली गेली. कित्येक कुटुंबे घरदार सोडून हुगळीच्या पूर्वेकडे पळाली. बंगाली अंगाईगीतातले ‘बर्गी’ म्हणजे हेच आपले बारगीर. आपल्या इतिहासाची ही बाजू आपल्या घरांत फारशी सांगितली जात नाही.

कलकत्त्याच्या रहिवाशांनी कंपनीच्या संमतीने बागबाजारकडून खंदक खणायला घेतला. लांबी सात मैल ठरली होती. सहा महिन्यांत सुमारे तीन मैल काम झाले, पण मराठे कलकत्त्यावर आलेच नाहीत आणि कुदळी थांबल्या. १७५६ मध्ये नवाब सिराजुद्दौला चालून आला, तेव्हा हा अर्धवट खंदक त्याला अडवू शकला नाही. पुढे १७९९ मध्ये खंदक बुजवून सर्क्युलर रोड तयार झाला.

मातीची स्मरणशक्ती

बुजवलेला खंदक डोळ्यांना दिसत नाही, तरी माती त्याला विसरत नाही. भरावाच्या मातीचा रंग आणि पोत आजूबाजूच्या मातीपेक्षा निराळा असतो. अशा खंदकांच्या तळच्या गाळात फुटकी मडकी, हाडे, धान्याचे दाणे, विटांचे तुकडे साचतात. त्या काळचे लोक काय खात, काय वापरत हे त्यावरून कळते. मात्र कोणती वस्तू कोणत्या थरात सापडली याची नोंद हवी. एकदा थर उलटापालटा झाला की उरतो तो नुसता राडारोडा.

जुन्या शहरांत पाण्याच्या नळासाठी किंवा गटारासाठी चर खणला की तो अशाच थरांतून जातो. खेड्यांत तर पाइपलाइन मैलोगणती शेतांतून, पांढरीच्या टेकाडांवरून जाते.

हातची गेलेली संपत्ती

थोड्या निष्काळजीपणाने काय हरवते, याचे उदाहरण कलकत्त्यातच आहे. १७८३ मध्ये कालीघाटला गुप्तकालीन सोन्याची दोनशेहून अधिक नाणी सापडली. शोभाबाजारच्या नवकृष्ण देवांकडून ती वॉरन हेस्टिंग्जकडे आणि तेथून लंडनला गेली. काही संग्रहालयांना मिळाली, उरलेली चक्क वितळवली गेली!

महाराष्ट्रातले उदाहरणही बोलके आहे. १९७४ साली प्रवरेकाठच्या दायमाबादला झाडाचे मूळ खणताना एका शेतकऱ्याला हत्ती, गेंडा, रेडा आणि रथ अशी ब्राँझची चार शिल्पे सापडली. त्यांचे एकूण वजन साठ किलोंहून अधिक आहे. शिल्पे वाचली, पण शास्त्रीय उत्खननात न सापडल्यामुळे त्यांच्या काळाविषयी विद्वानांत वाद राहिला.

आधी पाहणी, मग कुदळ

ब्रिटन, आयर्लंडसारख्या देशांत ग्रामीण भागातून गॅसची किंवा पाण्याची वाहिनी टाकण्याआधी पुरातत्त्वज्ञांची पाहणी होते. प्रथम जुने नकाशे आणि कागदपत्रे तपासतात. मग शेतांतून पायी हिंडून खापरे, विटा टिपतात. संशयाच्या जागी लहान चाचणी-चर घेतात. महत्त्वाचे काही निघाले तर वाहिनीचा मार्ग थोडा वळवतात. ते जमले नाही, तर आधी रीतसर उत्खनन करून नोंदी घेतात. वरची माती यंत्राने काढताना जाणकार माणूस शेजारी उभा असतो.

आपल्याकडेही हे अशक्य नाही. नागार्जुनकोंडा धरणाच्या पाण्याखाली जाण्याआधी १९५४ ते १९६० या काळात तेथे मोठे उत्खनन झाले. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामास बंदी आणि त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत निर्बंध, असा कायदा २०१० पासून आहे. पण सरकारी यादीत नसलेल्या पांढरीच्या टेकाडाला हे कवच मिळत नाही. तिथे गावकऱ्यांची जागरूकताच उपयोगी पडते.

म्हणून आपल्या गावात नळयोजनेचा चर खणताना मोठ्या जुन्या विटा, रंगीत खापरे, नाणी किंवा मूर्ती दिसली तर काम तेवढ्यापुरते थांबवावे. वस्तू हलवू नये, धुऊ नये. जागेचे छायाचित्र घ्यावे आणि तहसीलदारांना किंवा पुरातत्त्व विभागाला कळवावे. १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारकच आहे.

घरी नळाला पाणी यायलाच हवे. त्यासाठी चार दिवस उशीर झाला, तर तो भरून काढता येतो. पूर्वजांच्या चुलीची राख एकदा विस्कटली की ती पुन्हा जुळवता येत नाही. बागबाजारच्या त्या गल्लीने खंदकाचे निदान नाव तरी जपले आहे. आपल्या गावच्या पांढरीला कित्येकदा तेवढीही पाटी नसते.