आद्य घनता

आद्य घनता : किण्वन (यीस्टच्या क्रियेने शर्करेचे अल्कोहॉल व कार्बन डाय-ऑक्साइड यांत होणारे रूपांतर) सुरू होण्यापूर्वी द्रवाचे जे विशिष्ट गुरुत्व असते, त्यास आद्य घनता म्हणतात. किण्वन थांबल्यानंतरच्या विशिष्ट गुरुत्वास अंत्य घनता ही संज्ञा आहे. पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १·००० धरल्यास साध्या बिअरसाठी तयार केलेल्या माल्टच्या काढ्याची आद्य घनता सामान्यपणे १·०४० ते १·०५० असते. इंग्लंडमधील बार्ली वाइन किंवा जर्मनीतील डॉपेलबॉक यांसारख्या तीव्र बिअरसाठी ती १·०८० किंवा त्याहूनही अधिक ठेवतात. बिअर, वाइन, रम आणि उसाच्या मळीपासून मिळणारे औद्योगिक अल्कोहॉल या सर्वांच्या निर्मितीत ही राशी प्रथम मोजली जाते. मात्र ती द्रवात विरघळलेल्या सर्व घन पदार्थांची निदर्शक असते, केवळ शर्करेची नव्हे. ही मर्यादा लक्षात न घेतल्यास, विशेषतः घनता अपेक्षेपेक्षा जास्त आढळल्यास, अनुमानात मोठी चूक होते.

मापन : आद्य घनता तरंगत्या द्रवघनतामापकाने मोजतात. बिअरनिर्मितीत या उपकरणाचा पद्धतशीर उपयोग कसा करावा हे इंग्लंडमधील जॉन रिचर्डसन यांनी १७८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले. पुढे बोहीमियातील रसायनशास्त्रज्ञ कार्ल बॉलिंग यांनी १८४३ मध्ये शर्करेच्या विद्रावांची कोष्टके तयार केली. आडोल्फ ब्रिक्स व फ्रिट्स प्लेटो या जर्मन शास्त्रज्ञांनी त्यांत सुधारणा केल्या. यामुळे साखर उद्योगात ब्रिक्स व बिअर उद्योगात प्लेटो हे अंश रूढ झाले. दोन्ही अंश विद्रावातील घन पदार्थांचे वजनी शेकडा प्रमाण दाखवितात. १२ अंश म्हणजे सु. १·०४८ आणि २० अंश म्हणजे सु. १·०८३ विशिष्ट गुरुत्व होय. ब्रिटनमध्ये १८८० पासून १९९३ पर्यंत बिअरवरील कर आद्य घनतेवरच आकारला जात असे. त्यानंतर तो प्रत्यक्ष अल्कोहॉलच्या प्रमाणावर आकारला जाऊ लागला.

आद्य व अंत्य घनतांतील फरकास १३१ ने गुणले असता अल्कोहॉलचे घनफळातील स्थूल शेकडा प्रमाण मिळते. उदा., आद्य घनता १·०५० व अंत्य घनता १·०१२ असल्यास फरक ०·०३८ असून अल्कोहॉल सु. ५ टक्के भरते. याचाच अर्थ असा की, केवळ आद्य घनतेवरून पेयाची तीव्रता सांगता येत नाही. द्रवातील किती शर्करा यीस्टने वापरली, यावर ती ठरते.

अपेक्षेपेक्षा जास्त घनता : याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे काढा उकळताना गणिताबाहेर झालेले बाष्पीभवन. १·०८० घनतेचा २३ लिटर काढा आटून २० लिटर उरला, तर शर्करा तेवढीच राहून घनता १·०९२ होते. तेवढेच, म्हणजे ३ लिटर पाणी मिसळले की ती पूर्ववत होते. माल्ट अधिक बारीक दळले गेल्याने त्यातील अर्क जास्त उतरणे, हेही एक कारण आहे. कित्येकदा वाढ केवळ भासमान असते. दाट काढा तळाशी व नंतर घातलेले पाणी वर राहिल्यास तळाच्या नमुन्याची घनता जास्त भरते. तापमानाचा परिणाम उलट असतो : गरम द्रवाची घनता कमी दिसते, म्हणून उपकरण ज्या तापमानासाठी अंकित केलेले असते (बहुधा २०° से.) त्या तापमानास नमुना आणून मापन करावे लागते. पाणी मिसळण्याचा निर्णय घेण्यापूर्वी द्रव नीट ढवळून, थंड नमुन्यावर पुन्हा मापन करणे आवश्यक ठरते.

यीस्टवरील परिणाम : शर्करा दुप्पट केली म्हणजे अल्कोहॉलही तितक्याच सहजतेने दुप्पट होते, असे नाही. दाट द्रवात तर्षणदाब (विरघळलेल्या पदार्थांमुळे पेशीतील पाणी बाहेर ओढले जाण्याचा दाब) वाढतो. त्याला तोंड देण्यासाठी यीस्टच्या पेशी ग्लिसरीन तयार करतात व तेवढी शर्करा अल्कोहॉलकडे वळत नाही. शिवाय दाट द्रवात ऑक्सिजन कमी विरघळतो. पेशीपटल बळकट ठेवणाऱ्या स्टेरॉलांच्या निर्मितीस तो अत्यावश्यक असतो. किण्वनाच्या उत्तरार्धात साचलेले अल्कोहॉल पेशींना मारक ठरते. या सर्वांमुळे किण्वन अर्ध्यावर थांबते व पेय गोड आणि अपेक्षेपेक्षा कमी तीव्र राहते. १·११० पासून निघालेली घनता १·०५० वर अडून राहिली, तर अल्कोहॉल ८ टक्क्यांच्याही खाली राहते. तीच १·०२८ पर्यंत उतरली, तर ते पावणेअकरा टक्के होते. म्हणून दाट काढ्यासाठी यीस्ट त्याच प्रमाणात जास्त घालतात. प्रति मिलिलिटर प्रति अंश प्लेटो सु. १० लक्ष पेशी, असा एक प्रचलित संकेत आहे. आरंभी हवा भरपूर मिसळणे, नायट्रोजनयुक्त पोषकद्रव्ये देणे व किण्वनाची उष्णता काढून घेणे, हे अन्य उपाय होत.

कोल्हापूर परिसरातील उदाहरण : आद्य घनतेच्या अर्थाचा प्रश्न कोल्हापूर जिल्ह्यात बिअरपेक्षा उसाच्या संदर्भात अधिक महत्त्वाचा आहे. छत्रपती शाहू महाराजांच्या कारकीर्दीत १८९५ मध्ये वसविलेली शाहूपुरी ही गुळाची नामांकित पेठ असून कोल्हापुरी गुळास भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. वारणानगर, कागल, शिरोळ इ. ठिकाणी सहकारी साखर कारखाने आहेत. साखर काढून घेतल्यावर उरणाऱ्या दाट, काळसर मळीपासून आसवनींमध्ये (अल्कोहॉलच्या कारखान्यांत) अल्कोहॉल मिळवितात.

पक्व उसाचा ताजा रस बहुधा १८ ते २२ अंश ब्रिक्सचा असतो; म्हणजे गुऱ्हाळातील कढईत पडणारा रस घनतेच्या दृष्टीने तीव्र बिअरच्या काढ्याइतकाच दाट असतो. मळी मात्र ८५ ते ९० अंश ब्रिक्सची असते. इतक्या दाट माध्यमात यीस्ट वाढू शकत नाही, म्हणून तीत पाणी मिसळून किण्वनद्रव तयार करतात. या मळीत किण्वनक्षम शर्करा वजनाने साधारणपणे निम्म्याहून कमी असते. उरलेल्या घन भागात पोटॅशियम, कॅल्शियम इत्यादींचे क्षार, डिंकासारखे पदार्थ व उष्णतेने करपलेल्या शर्करा असतात. घनतामापकाला हा भेद कळत नाही. २० अंशांच्या तीन द्रवांची तुलना केल्यास ही गोष्ट स्पष्ट होते. उसाच्या रसातील जवळजवळ सर्व शर्करा किण्वनक्षम असल्याने त्यापासून सु. १२ टक्के, माल्टच्या काढ्यापासून साडेआठ ते नऊ टक्के, तर मळीच्या द्रवापासून सु. ७ टक्केच अल्कोहॉल मिळू शकते. मळीच्या द्रवाची अंत्य घनता किण्वन पूर्ण होऊनही १·०३५ च्या आसपास राहते. बिअरचा अनुभव असलेल्यास हे किण्वन अडल्याचे लक्षण वाटेल. वस्तुतः तसे नसते. याच कारणाने आसवनीत केवळ ब्रिक्सवर विसंबून न राहता फेलिंग विद्रावासारख्या रासायनिक पद्धतीने शर्करा स्वतंत्रपणे मोजतात.

उलट प्रकारची चूकही संभवते. केंद्र शासनाने २०१८ मध्ये बी-हेवी मळीपासून केलेल्या इथेनॉलसाठी वेगळा दर ठरविल्यानंतर ही मळी आसवनींकडे मोठ्या प्रमाणावर वळली. तीतून साखर पूर्णपणे काढलेली नसल्याने त्याच ब्रिक्सला शर्करा अधिक असते. जुन्याच अंशावर द्रव तयार केल्यास घनतामापकाचे वाचन नेहमीचे राहते. परंतु यीस्टवर पडणारा अल्कोहॉलचा व उष्णतेचा भार वाढतो. उन्हाळ्यात शीतकरण अपुरे पडल्यास किण्वन मंदावण्याचा धोका असतो.

पाणी व सांडपाणी : आद्य घनता कमी ठेवणे यीस्टच्या दृष्टीने सुरक्षित असले, तरी त्याची किंमत पाण्यात मोजावी लागते. ७ टक्के अल्कोहॉलच्या द्रवापासून १ लिटर अल्कोहॉल मिळविण्यास १४ लिटरांहून अधिक द्रवाचे ऊर्ध्वपातन करावे लागते व स्पेंट वॉश नावाचे सु. १३ लिटर तपकिरी सांडपाणी उरते. द्रवात ११ टक्के अल्कोहॉल झाल्यास हेच सांडपाणी सु. ८ लिटरांवर येते, शिवाय वाफ व इंधनही वाचते. स्पेंट वॉशची जैव ऑक्सिजन मागणी प्रतिलिटर ४०–५० हजार मिलिग्रॅमपर्यंत असते. ते नदीत मिसळल्यास पाण्यातील ऑक्सिजन संपून मासे मरतात. प्रयाग चिखली येथील संगमापासून नरसोबाच्या वाडीपर्यंत वाहणाऱ्या व अनेक गावांची तहान भागविणाऱ्या पंचगंगेसारख्या नदीच्या खोऱ्यात या फरकाचे महत्त्व उघड आहे. आसवनींना हे सांडपाणी बाहेर सोडण्यास मनाई असून बायोगॅस निर्मिती, बाष्पीभवन, प्रेसमडबरोबर कंपोस्ट करणे किंवा बाष्पित्रात जाळणे या मार्गांनी त्याची विल्हेवाट लावावी लागते. त्यामुळे उच्च तर्षणदाब व अल्कोहॉल सहन करणारे यीस्टचे प्रकार निवडून, शर्करा एकदम न देता टप्प्याटप्प्याने देऊन, आद्य घनता यीस्टच्या आवाक्यात ठेवण्याच्या पद्धती प्रचारात आल्या आहेत.

कायदेशीर स्थिती : ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरगुती वापरासाठी बिअर करण्यास परवाना लागत नाही, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत संघीय कायद्याने १९७९ पासून मर्यादित प्रमाणात मुभा आहे. महाराष्ट्रात मात्र मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ (आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम) अन्वये परवान्याविना मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. भारतात ५ टक्क्यांहून अधिक व ८ टक्क्यांपर्यंत अल्कोहॉल असलेल्या बिअरची गणना तीव्र बिअरमध्ये होते. १·०६० ते १·०७० आद्य घनतेचा चांगला किण्वनक्षम काढा त्यासाठी पुरेसा असतो. घनता त्याहून वाढविल्यास आणि यीस्टची पुरेशी काळजी न घेतल्यास वाढीचा काही भाग न वापरल्या गेलेल्या शर्करेच्या रूपात राहू शकतो.