निशाणी ५ : तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज आणि तो चालवणारे वकील

महाराष्ट्रातील दिवाणी न्यायालयांत दाव्याच्या कामी येणाऱ्या महत्त्वाच्या कागदांवर जो अनुक्रमांक पडतो त्याला निशाणी म्हणतात. वादपत्र निशाणी १ वर असते आणि तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज जुन्या प्रघाताने निशाणी ५ वर नोंदला जातो. हा प्रघात इतका रुळलेला आहे की वकील, कारकून आणि पक्षकार या अर्जाला नुसते ‘निशाणी पाच’ म्हणतात. बांध कोरल्याचा, वहिवाटीचा रस्ता अडवल्याचा, सामाईक भिंत पाडल्याचा किंवा राहत्या घरातून हुसकावून लावण्याचा वाद तालुक्याच्या न्यायालयात आला की त्याची खरी लढत बहुधा याच अर्जावर होते, आणि म्हणून दिवाणी वकिलीचे कसबही येथेच सर्वाधिक पारखले जाते.

मनाई हुकूम म्हणजे एखादे कृत्य करू नये, किंवा क्वचित प्रसंगी ते करावे, असा न्यायालयाने व्यक्तीला दिलेला आदेश होय. इंग्लंडच्या चॅन्सरी न्यायालयात वाढलेला हा उपाय भारतात १८७७ च्या कायद्याने संहिताबद्ध झाला आणि आज तो १९६३ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमात आहे. दाव्याच्या अंतिम निकालाने मिळते ती कायमची मनाई (कलम ३८). केलेले कृत्य पूर्ववत करण्यास भाग पाडते ती आज्ञार्थी मनाई (कलम ३९). आणि दावा चालू असेपर्यंत वादविषय सुरक्षित ठेवते ती तात्पुरती मनाई, जिची कार्यपद्धती १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ मध्ये सांगितली आहे. दाव्याचा निकाल लागेपर्यंत घरच पाडले गेले किंवा जमीन तिऱ्हाइताला विकली गेली, तर वादीच्या हाती केवळ कागदी हुकूमनामा उरेल, या चिंतेतून तात्पुरत्या मनाईचा जन्म झाला आहे.

हा अर्ज तीन कसोट्यांवर तपासला जातो. वादीचे प्रकरण सकृद्दर्शनी विचारार्ह आहे काय, मनाई दिल्याने व नाकारल्याने होणाऱ्या गैरसोयींची तुलना करता पारडे कोणाकडे झुकते, आणि मनाई नाकारल्यास पैशाने भरून न येणारे नुकसान होईल काय, हे तीन प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दलपत कुमार प्रकरणात नेमकेपणाने मांडले. त्यांच्या जोडीला वादीच्या वर्तनाची कसोटी असते, कारण मनाई हा साम्यन्यायाचा, म्हणजे न्यायबुद्धीला पटेल त्याप्रमाणे द्यावयाचा, उपाय असल्याने वस्तुस्थिती दडवून आलेल्या पक्षकाराला तो नाकारता येतो.

वकिलाचे काम या कसोट्यांच्या आधीच सुरू होते, कारण दावा कोणत्या स्वरूपाचा लावावा हा पहिला निर्णय त्याचा असतो. मालकीवरच गंभीर सावट असेल तर केवळ मनाईचा दावा पुरत नाही, मालकी घोषित करून मागावी लागते, हे तत्त्व २००८ च्या अनाथुला सुधाकर निकालाने स्पष्ट केले; परंतु शांत व स्थिर ताबा असलेल्याला मालकानेही कायद्याच्या मार्गानेच दूर करावे, हे २००३ च्या रामे गौडा निकालात सांगितलेले आहे. त्यामुळे शेतजमिनीच्या दाव्यात ताब्याचा पुरावा निर्णायक ठरतो. सातबाऱ्यावरील पीकपाहणीच्या नोंदी, फेरफार, भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीचा नकाशा, वीजबिले आणि शेजारच्या शेतकऱ्यांची शपथपत्रे अर्जासोबत जोडली जातात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातील नोंदी विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खऱ्या मानल्या जातात, पण त्या नोंदींनी मालकी मिळत नाही, आणि हा फरक पक्षकाराला वेळीच समजावणारा वकील त्याची पुढची अनेक वर्षे वाचवतो. रस्ता अडवल्याच्या तक्रारीत तर कित्येकदा दिवाणी न्यायालयाची गरजच नसते, कारण १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे सहा महिन्यांच्या आत दाद मागता येते.

सर्वांत नाजूक टप्पा एकतर्फी मनाईचा होय. आदेश ३९ च्या नियम ३ प्रमाणे प्रतिपक्षाला नोटीस देणे हाच नियम आहे. विलंबाने हेतूच विफल होणार असेल तरच नोटिशीशिवाय हुकूम देता येतो, त्याची कारणे नोंदवावी लागतात आणि अर्जदाराने वादपत्र व कागदपत्रांच्या प्रती लगोलग प्रतिपक्षाकडे पाठवून तसे शपथपत्र त्याच किंवा दुसऱ्या दिवशी दाखल करावयाचे असते. असा हुकूम दिल्यावर तो अर्ज ३० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न न्यायालयाने करावा, असे नियम ३अ सांगतो. एकतर्फी हुकमाची धास्ती असलेला प्रतिपक्ष दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खाली कॅव्हेट, म्हणजे आपल्याला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये अशी आगाऊ सूचना, दाखल करू शकतो आणि ती ९० दिवस टिकते. नोटीस लागू झाली की प्रतिवादीचे वकील अर्जावर ‘म्हणणे’ देतात, म्हणजे लेखी उत्तर दाखल करतात, आणि तोवर न्यायालय पुष्कळदा ‘जैसे थे’ स्थिती राखण्याचा आदेश देते.

महाराष्ट्राने या क्षेत्रात स्वतःचा एक प्रयोगही केला. अधिकारक्षेत्र नसताना दावा लावून अंतरिम हुकूम मिळवण्याच्या प्रवृत्तीला आळा घालण्यासाठी १९७७ मध्ये दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम ९अ घालण्यात आले, ज्यानुसार मनाईच्या अर्जाच्या सुनावणीतच अधिकारक्षेत्राचा आक्षेप प्राथमिक मुद्दा म्हणून ठरवणे बंधनकारक झाले; परंतु त्या मुद्द्यावरच साक्षीपुरावे चालून मूळ अर्ज रेंगाळू लागले आणि अखेर २०१८ मध्ये ते कलम वगळण्यात आले.

हुकूम मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त करण्याची आणि त्याला तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेत ठेवण्याची तरतूद आदेश ३९ च्या नियम २अ मध्ये आहे, तर अपुऱ्या कारणावर मनाई मिळवणाऱ्याकडून संहितेच्या कलम ९५ खाली ५०,००० रुपयांपर्यंत भरपाई घेता येते. मनाईचा अर्ज मंजूर किंवा नामंजूर झाला तरी आदेश ४३ खाली अपील करता येते.

या व्यवस्थेचा मोठा दोष कायद्यात नसून कालावधीत आहे. दावा वर्षानुवर्षे प्रलंबित राहतो तेव्हा निशाणी ५ वरील तात्पुरता हुकूमच व्यवहारात अंतिम निकाल होऊन बसतो. तो मिळालेल्या वादीला दावा पुढे रेटण्याची घाई उरत नाही आणि तो न मिळालेला वादी बाजारभावाने तडजोड करून मोकळा होतो. म्हणून ३० दिवसांची मर्यादा गांभीर्याने पाळणे हे जसे न्यायालयाचे, तसेच प्रतिकूल कागदही अर्जासोबत जोडणे आणि विनाकारण तारखा न मागणे हे वकिलांचे कर्तव्य ठरते. वादविषय निकालापर्यंत जपण्यापुरतीच तात्पुरत्या मनाईची शक्ती आहे, आणि तिचा वापर निकाल टाळण्यासाठी होऊ न देणारा वकीलच या शाखेतील खरा जाणकार होय.