कुंकू नको म्हणणारा टर्नर

खंडेनवमीच्या दिवशी आमच्या टूलरूममध्ये काम नावालाच चालायचं. सकाळपासून कॉटन वेस्ट आणि रॉकेलचा डबा घेऊन जो तो आपापल्या मशीनला भिडलेला. लेथच्या बेडवर वर्षभर साचलेला कूलंटचा चिकटा निघायचा, ट्रेमधल्या चिप्स भरून पाट्या बाहेर जायच्या, चकला ग्रीस लागायचं. मग झेंडूच्या माळा, नारळ, उदबत्त्या. आकुर्डीच्या त्या कारखान्यात मी 31 वर्षं काढली आणि त्यातली निम्मी तरी एका टर्नरच्या शेजारच्या मशीनवर. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. गाव श्रीरामपूरकडचं, हरेगावच्या पंचक्रोशीतलं. धर्म ख्रिस्ती, त्यातही कॅथलिक.

मशीन पुसण्यात मामांचा हात धरणारा कोणी नव्हता. टेलस्टॉकच्या हँडलात तोंड पाहून घ्यावं असा त्यांचा लेथ चमकायचा. पण पूजेचं ताट जवळ आलं की मामा दोन पावलं मागं सरत, टोपी काढून हात पुढं बांधून उभे राहत. पेढा खात, पण पूजेआधी बाजूला काढलेल्या पुड्यातला. तो पुडा काढून ठेवायचं काम माझ्याकडे असे. कुंकू घेत नसत. सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि कोणाला त्याचं काही वाटत नसे.

एका वर्षी नवा सुपरवायझर आला. त्यानं कुंकवाचा अंगठा थेट मामांच्या कपाळाकडे नेला. मामांनी हात आडवा धरला. "साहेब, नको." साहेब तापले. कंपनीचं मीठ खाता, कंपनीच्या देवाला नाही म्हणता? लेखी उत्तर मागतो, वगैरे. मामा शांतपणे म्हणाले, "मशीन मी पुसलंय साहेब. पूजा तुम्ही करा." लेखी कोणी काही मागितलं नाही, पण माझ्या डोक्यात किडा शिरला तो तिथंच. मी माळकरी घरातला. पूजेला नाही म्हणणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता असं नाही. पण इतक्या मऊ आवाजात नाही म्हणणारा पाहिला नव्हता. डबा खाताना मी विचारलं, "तुमच्या धर्मात याला परवानगी नाही का?" मामा म्हणाले, "परवानगीचं काय घेऊन बसलास. आमच्या फादरांना विचार."

फादरांनी मला एक पातळसं पुस्तक दिलं. धर्मस्वातंत्र्यावरचा, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा जाहीरनामा. 7 डिसेंबर 1965 ला जगभरच्या बिशपांनी तो 2308 विरुद्ध 70 मतांनी मंजूर केला. मी तो वाचायला घेतला तेव्हा आत काय असेल याचा माझा अंदाज पक्का होता: आमचा धर्म खरा, म्हणून आम्हाला मोकळीक द्या. निघालं भलतंच. मोकळीक कशावर उभी आहे, तर माणूस असण्यावर. माणसाला बुद्धी आहे, इच्छा आहे, सत्य शोधायची ओढ आहे. म्हणून धर्माच्या बाबतीत त्याच्यावर सरकारनं, समाजानं, कोणीच बळजबरी करू नये, मनाविरुद्ध काही करायला लावू नये आणि मनाप्रमाणे करायला अडवू नये. सार्वजनिक सुव्यवस्थेची मर्यादा तेवढी सांभाळायची. ज्याला सत्याशी देणंघेणं नाही, जो शोधतच नाही, त्याचाही हा हक्क जात नाही. हे वाक्य मी तीनदा वाचलं. स्वतःच्या सत्याबद्दल ज्यांना कणभर शंका नाही अशा माणसांनी हे लिहिलं होतं.

याच्या मागची समजूत अशी की धर्म ही माणसाच्या आयुष्याची एक वेगळी खोली नाही, ज्यात तो रविवारी जाऊन येतो. तो त्याच्या कामात, घरात, मैत्रीत मुरलेला असतो. म्हणून तर कॅथलिक शिकवण धर्म फक्त देवळाच्या चार भिंतींत ठेवा असं म्हणत नाही. एकट्यानं आणि मिळून, खाजगीत आणि चारचौघांत, दोन्हीकडे तो जगता यावा असं म्हणते. आणि नेमकं त्याचमुळे त्यावर बाहेरून हुकूम चालत नाही. कपाळाला कुंकू लावता येतं, मनाला नाही. मामा हेच करत होते, पुस्तक न वाचता.

फादरांनी त्या दिवशी आणखी एक गोष्ट सांगितली. तेराव्या शतकातला संत थॉमस अक्वायनस, कॅथलिक तत्त्वज्ञानाचा मेरुमणी. तो म्हणून गेलाय की ज्याला मनापासून वाटतं ख्रिस्तावर श्रद्धा ठेवणं वाईट आहे, त्यानं तशी श्रद्धा ठेवली तर त्याला पाप लागेल. चुकलेला विवेकही बांधून ठेवतो. याच थॉमसनं धर्मद्रोह्यांना देहदंड योग्य ठरवलाय, हेही सांगायला फादर विसरले नाहीत. मला ते फादर आवडले ते यासाठी.

आता थोडा इतिहास, भरभर. सुरुवातीची तीन शतकं ख्रिस्ती लोक रोमन बादशहांच्या छळात होते तेव्हा त्यांनी धर्माची मोकळीक मागितली. राज्य हाती आल्यावर ती देताना हात आखडला. 1832 मध्ये पोप सोळाव्या ग्रेगरीनं विवेकस्वातंत्र्याला वेडेपणा ठरवलं, 1864 मध्ये नवव्या पायसनं चुकीच्या मतांची यादी काढली तिच्यातही ते होतं. सूत्र सोपं होतं: चुकीला हक्क नसतात. जेझुइट या कॅथलिक संघातला अमेरिकन पाद्री जॉन कोर्टनी मरे म्हणू लागला की हक्क चुकीला नसतात, बरोबरलाही नसतात, हक्क माणसाला असतात. 1955 मध्ये त्याला या विषयावर लिहिणं थांबवायला लावलं. परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाला त्याला बोलावलंही नाही. दुसऱ्या अधिवेशनाला न्यूयॉर्कचे कार्डिनल स्पेलमन त्याला घेऊन आले आणि पुढं जाहीरनाम्याच्या मसुद्यावर त्याचाच हात फिरला. मरेची गोष्ट मला युनियनच्या गोष्टींसारखी वाटते. ज्याला गेटबाहेर ठेवलं त्यालाच करार लिहायला बोलावलं.

या सगळ्यातला माझा लाडका महिना 1964 चा नोव्हेंबर. 19 तारखेला, अधिवेशन संपायला दोन दिवस असताना, मसुद्यावर मतदान होणार नाही असं जाहीर झालं. सभागृहात गोंधळ उडाला. शेकडो बिशपांनी तिथल्या तिथं कागद फिरवून पोपकडे विनंती केली. पोप सहावे पॉल बधले नाहीत. पुढच्या अधिवेशनात पहिला विषय हाच, एवढं वचन मिळालं. त्या दिवसाला काळा गुरुवार म्हणतात. आणि हेच पोप दोनच आठवड्यांत, 2 डिसेंबरला, कुठं उतरले? मुंबईत! आंतरराष्ट्रीय युखारिस्ट परिषदेसाठी. भारतात पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. ओव्हल मैदानावर माणसांचा समुद्र. 3 तारखेला त्यांनी इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर भाषण केलं आणि त्यात बृहदारण्यक उपनिषदातली, आपण शाळेत हात जोडून म्हणतो ती, असत्याकडून सत्याकडे नेणारी प्रार्थना उद्धृत केली. रोममध्ये अडवून ठेवलेला कागद आणि मुंबईत पोपच्या तोंडी उपनिषद. या दोहोंचा एकमेकांशी संबंध होता असं इतिहासकार म्हणणार नाहीत. मी टूलरूमचा माणूस. मला दोन भाग जवळजवळ दिसले की बसतात का ते पाहावंसं वाटतं.

पण मराठी वाचकाला हा विषय खरा भिडायचा तर गोव्याला जायला हवं. मंगेशीला आपण सगळेच जातो. ते देवाचं मूळ गाव नव्हे. मूळ ठिकाण कुशस्थळी, आजचं कुठ्ठाळी. शांतादुर्गा केळशीची, कवळ्याला आली. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राज्यात देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा लोक देव घेऊन रातोरात नदीपलीकडे गेले. 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं ते मधली चार वर्षं सोडली तर 1812 पर्यंत टिकलं. बळजबरी म्हणजे काय हे त्या जाहीरनाम्यातून नाही कळलं तर फोंडा तालुक्यातल्या देवळांच्या पत्त्यांवरून कळतं.

आणि याच गोव्यात, 24 ऑक्टोबर 1579 ला, एक इंग्रज उतरतो. थॉमस स्टीफन्स, आपला फादर स्टीफन्स, ख्रिस्तपुराणाचा कर्ता. ख्रिस्तपुराणावर बोलायला लागलो की घरचे उठून जातात, पण दिवाळी अंकात कोणी उठून जात नाही. जवळजवळ 11,000 ओव्या. 1616 मध्ये राचोलला छापलेलं, रोमन लिपीत. मराठी भाषेची त्यानं केलेली स्तुती मराठीच्या प्रत्येक मास्तरानं कधी ना कधी फळ्यावर लिहिलेली असते. मला मात्र स्तुतीपेक्षा त्याचं आधीचं आयुष्य छळतं. स्टीफन्स विल्टशरचा. त्याच्या तरुणपणी इंग्लंडात एलिझाबेथ राणीचं राज्य; तिथं कॅथलिक असणं हाच गुन्हा होत चाललेला, मिस्सा लपूनछपून. त्याचा जिवलग मित्र थॉमस पाउंड यानं श्रद्धेपायी कितीतरी वर्षं तुरुंगात काढली. स्टीफन्स निसटला, रोमला गेला, जेझुइट झाला, जहाजात बसला. स्वतःच्या देशात ज्याला आपल्या देवाची प्रार्थना करता येत नव्हती तो माणूस उतरला कुठं, तर जिथं इतरांना त्यांच्या देवाची प्रार्थना करता येत नव्हती तिथं. आणि राज्यकर्त्यांच्या बाजूनं.

त्याला हे दिसलं असेल का? त्यानं तसं कुठं लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. 1583 मध्ये कुंकळ्ळीला गावकऱ्यांनी पाच जेझुइट मारले, त्यांचे देह आणायला जाणाऱ्यांत स्टीफन्स होता. त्याचा बदला म्हणून पोर्तुगीजांनी गावच्या पुढाऱ्यांना बोलणीसाठी बोलावून ठार केलं. पण पुराणाची सुरुवात पाहा. तिथं नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीबाबांना विचारतो की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरी का देत नाही? तक्रार आहे ती, आणि स्टीफन्सनं ती स्वतःच्या ग्रंथाच्या दारातच ठेवली. उत्तर म्हणून त्यानं हुकूम नाही काढला, ओवी लिहिली. ज्ञानेश्वर-एकनाथांचा छंद घेऊन, वैकुंठासारखे शब्द घेऊन. 1684 मध्ये व्हाइसरॉयनं स्थानिक भाषा तीन वर्षांत सोडा असं फर्मान काढलं. त्याआधी 1649 आणि 1654 ला पुराण पुन्हा छापून झालं होतं, आणि फर्मानानंतरही ते गोव्यात आणि मंगळूरकडे वाचलं जात राहिलं. पुण्यात शांताराम बंडेलूंनी 1956 ला त्याची देवनागरी प्रत काढली. ती मी जुन्या बाजारात घेतली. तिची पानं आता बिस्किटासारखी तुटतात, तरी दुसऱ्याच्या हाती देत नाही.

फादर दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले 2020 मध्ये, तेव्हा पाद्री कसा चालतो म्हणून धमक्या गेल्या. मला तेव्हा स्टीफन्सच आठवला. चारशे वर्षांनंतरही मराठीत पाहुणा.

कायद्याचंही दोन ओळींत उरकतो, कारण ते वर्तमानपत्रात रोज असतं. संविधानाचं पंचविसावं कलम धर्म मानायला, आचरायला आणि त्याचा प्रचार करायला स्वातंत्र्य देतं. संविधान सभेत मद्रासकडून जेरोम डिसूझा हे जेझुइट होते. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फादर स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं की प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. कॅथलिक जाहीरनामाही गरीब आणि अशिक्षितांना आमिषानं किंवा दडपणानं ओढणं हा दुसऱ्याच्या हक्काचा भंग मानतो, हे आपल्याकडे कोणी सांगत नाही. आणि 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती झाला की अनुसूचित जातीत राहत नाही. शिखांना 1956 ला आणि बौद्धांना 1990 ला ते मिळालं, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच. देव बदलायची मोकळीक आहे, पण दाखल्यावर तिची किंमत लावलेली आहे. मामांच्या थोरल्यानं ती भरली.

मामांबरोबर मी एका सप्टेंबरात हरेगावला गेलो. मतमाउलीची यात्रा. मरियेचा जन्मदिवस 8 सप्टेंबरचा, त्याच्या आसपास. 1949 पासून भरते. पिंपरी-चिंचवडहून गाड्या करून लोक जातात, काही पायी येतात. साखर कारखान्याचा जुना परिसर, मेणबत्त्यांचे ढीग, नवसाचे नारळ, भजी, पाळणे. बाया मरियेला हाक मारत होत्या, "माउली!" मी दचकलो. आमची माउली आळंदीची. मामा हसले. "शब्द काय तुमच्या एकट्याचा आहे होय?" रात्री मिस्सेत निरांजन ओवाळलं. मी म्हटलं, मामा, इथं आरती चालते आणि मशीनला नाही? 1969 मध्ये रोमनं भारतीय चर्चला आरती, अंजली, मांडी घालून बसणं अशा बारा गोष्टींची मुभा दिली, हे मला माहीत होतं आणि मला ते मिरवायचं होतं. मामांनी भज्याचा कागद चुरगाळला. "आरती कशानं करायची ते रोमनं सांगितलं. कुणाची करायची ते मला ठाऊक आहे."

आमच्या आकुर्डीचं भाग्य असं की तुकोबांची पालखी देहू सोडल्यावर आमच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते. देहूतून निघताना ती अनगडशहा बाबांच्या दर्ग्याजवळ थांबते, तिथं आरती होते, मग देहूरोडवरून येते. त्याच देहूरोडला 25 डिसेंबर 1954 ला, नाताळच्या दिवशी, बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. ज्यांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या त्या माणसाची पालखी या रस्त्यानं जाते. मी हा रस्ता कितीदा तरी चाललोय; एवढी दाटी मला दुसऱ्या कुठल्या रस्त्यावर दिसलेली नाही.

निवृत्त झाल्यावर मामा पालखीच्या दिवशी रस्त्याच्या कडेला पाण्याचा पिंप घेऊन उभे राहू लागले. त्यांच्या धर्मग्रामातली चारपाच पोरं हाताशी. मागच्या खेपेला मी तिथं होतो. मराठवाड्यातला एक म्हातारा वारकरी पाणी प्याला, पेला परत दिला आणि "माउली" म्हणत वाकून मामांच्या पायांना हात लावला. मामा गडबडले, मग तेही वाकले. म्हाताऱ्यानं कनवटीची पुडी सोडली आणि बुक्क्याचं बोट मामांच्या कपाळाकडे नेलं. मामांनी हात आडवा धरला, अगदी तसाच. म्हातारा क्षणभर थांबला. बुक्का त्यानं आपल्याच कपाळाला लावला आणि पेला पुन्हा पुढं केला.