कोनाड्यातली जोडी

डबा कानाशी न्यायचा आणि दोनदा हलवायचा. खुळखुळला तर फुटाणे नाही तर शेंगदाणे. धप्प वाजला तर लाडू. काहीच वाजलं नाही तर समजायचं, आईने मुद्दाम गच्च भरलाय. "तिखट का गोड?" एवढंच विचारायची मुभा. आमच्या जळगावच्या गल्लीत गुलाबाईची गाणी आटोपली की खाऊ ओळखण्याचा हा खेळ रंगायचा, आणि खरं सांगायचं तर आम्ही पोरी गाण्यांपेक्षा त्यासाठीच घरोघर फिरायचो.

गुलाबाई बसते भाद्रपद पौर्णिमेला, उठते कोजागिरीला. धुळ्याकडे गुलाबाई, विदर्भाकडे भुलाबाई. जळगावात दोन्ही नावं कानी पडतात. बाजारातून रंगवलेली मातीची जोडी आणायची: गुलाबाई, शेजारी फेटा बांधलेले गुलोजी, कधी मांडीवर बाळ गणपती. कोनाड्यात किंवा पाटावर ती बसवायची, ज्वारीच्या धांड्यांचा मखर करायचा. पार्वतीने भिल्लीण होऊन रुसलेल्या शंकराला भुलवलं, तीच ही भुलाबाई, असं सांगतात. पूजेला भटजी लागत नाही. सगळा कारभार कुमारिकांचा.

मुलींसाठी अशीच एक जोडी जपानमध्येही मांडतात, ३ मार्चच्या 'हिनामात्सुरी'ला. लाल कापड अंथरलेल्या पायऱ्या, सगळ्यात वर सम्राट-सम्राज्ञीची जोडी. खाली तीन दासी, पाच वादक, दोन मंत्री, तीन सेवक. पूर्ण मांडणीत सात पायऱ्या आणि पंधरा बाहुल्या. गुलाबी, पांढऱ्या, हिरव्या थरांचा शंकरपाळ्याच्या आकाराचा 'हिशिमोची' हा खाऊ त्यांच्यापुढे ठेवतात. पहिल्या मुलीसाठी हा थाट बहुधा आजोळहून येतो. सण सरला की बाहुल्या लगेच पेटीत! उशीर केला तर मुलीचं लग्न लांबतं म्हणे.

लग्न तिथेही आहेच. सम्राटाचा दरबार असो की आमचा कोनाडा, मुलीच्या पुढ्यात जोडपंच बसवलेलं. फक्त जपानी सम्राज्ञी गप्प बसते, आमच्याकडे सासूचं नाव घेऊन गायचं. माहेरी निघालेल्या सुनेला सासू आधी कारल्याचं बी पेरायला सांगते, मग वेल चढू दे, कारलं लागू दे, भाजी होऊ दे... टिपऱ्यांच्या ठेक्यावर हे गाताना आम्हाला हसू यायचं. ज्यांनी ते पहिल्यांदा म्हटलं त्यांना कितपत आलं असेल? १९२९च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं किमान वय ठरवलं तेसुद्धा १४. असोद्याच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी, जन्म १८८०चा, तेराव्या वर्षी जळगावला सासरी आल्या. म्हणजे गुलाबाई खेळायच्या वयातच. खेळ आणि खरं सासर यांत कित्येकींना जेमतेम एक पावसाळा मिळत असेल. मला तरी ही गाणी भक्तीची कधी वाटली नाहीत. ती तालमीची आहेत, आणि थोडी आगाऊ तक्रारीचीही. सासरी गेल्यावर मोठ्याने बोलता येणार नव्हतं ते आधीच गल्लीभर गाऊन घ्यायचं.

जपानी बाहुल्या आईकडून मुलीकडेही जातात. काही ठिकाणी मात्र कागदाच्या बाहुल्या पाण्यात सोडून देतात. वाकायामातल्या आवाशिमा देवळात तर ३ मार्चला बाहुल्यांनी भरलेल्या होड्या समुद्रात जातात. आमची गुलाबाई कोजागिरीला विहिरीत नाही तर नदीत. आता पुष्कळ घरी बादलीत. आमच्याकडे एका वर्षी गुलोजींचा फेटा आधी विरघळला, तेव्हा धाकटी म्हणाली, "ह्यांचं बरंय, ह्यांना कोणी कारलं पेरायला सांगत नाही." आजी हसली आणि उरलेला डबा तिच्याच हातात दिला.