फीसाठी लेकराचे कॉलेज थांबवू नका

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीत घरोघरी पेढे वाटले जातात. महिनाभरात त्याच घरात दुसरी बोलणी सुरू होतात : फी कुठून आणायची? कोणी मंगळसूत्र गहाण टाकतो, कोणी मुकादमाकडून उचल घेतो, कोणी बचत गटाचे कर्ज काढतो. यातले काहीच जमले नाही की मुलगा कामाला लागतो आणि मुलगी घरी बसते. दुःखाची गोष्ट अशी, की यातल्या कितीतरी घरांना ती फी भरावी लागणारच नव्हती. त्यांच्यासाठी शासनाची योजना होती. फक्त कागद वेळेवर पोचले नाहीत.

ही खैरात नव्हे

काही पालकांना शिष्यवृत्ती मागायला संकोच वाटतो. त्यांनी बाबासाहेबांचे चरित्र आठवावे. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, म्हणून बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात जाऊ शकले. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, ऑक्टोबर १९४२ मध्ये, त्यांनी अस्पृश्य समाजाच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले. त्यात उच्च शिक्षणाच्या मदतीची मागणी होती. १९४४ पासून दलित विद्यार्थ्यांना केंद्राची शिष्यवृत्ती मिळू लागली. आज आपण जिला ‘भारत सरकार शिष्यवृत्ती’ म्हणतो ती हीच. बाबासाहेबांनी भांडून मिळवलेली वस्तू घेताना मान खाली घालण्याचे कारण नाही.

कोणाला काय मिळते?

पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांच्या आत असेल, तर भारत सरकार शिष्यवृत्तीचा अर्ज करावा. अकरावीपासून पदव्युत्तर शिक्षणापर्यंत ती लागू आहे. तिच्यात सक्तीचे शुल्क भरले जाते आणि वर निर्वाह भत्ता मिळतो. २०२१ च्या सुधारित नियमांनी हा भत्ता अभ्यासक्रमाप्रमाणे घरून जाणाऱ्याला वर्षाला २,५०० ते ७,००० रुपये आणि वसतिगृहात राहणाऱ्याला ४,००० ते १३,५०० रुपये ठरवला.

उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेले तरी दार बंद होत नाही. महापालिकेत कायम झालेला सफाई कामगार किंवा एस. टी.चा जुना चालक ‘आपण बसत नाही’ म्हणून अर्जच करत नाही. त्यांच्या मुलांसाठी राज्याची शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क योजना आहे. तिला लोक ‘फ्रीशिप’ म्हणतात. भत्ता मिळत नाही, पण शुल्काचा मोठा भार उतरतो.

मूल दुसऱ्या गावी शिकणार असेल, तर आधी समाजकल्याणच्या शासकीय वसतिगृहाचा अर्ज करावा. तिथे जागा मिळाली नाही, तर २०१६-१७ पासून सुरू झालेली भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. जेवण, खोलीभाडे आणि किरकोळ खर्च धरून मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये, इतर महापालिका शहरांत ५१,००० रुपये आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० रुपये असे तिचे दर ठरलेले आहेत. उत्पन्नाची व गुणांची अट आहे, ती अर्जाआधी नीट वाचावी.

कागदांची तयारी दहावीपासून

अर्ज महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर भरायचा असतो. त्यासाठी जातीचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि शिधापत्रिका जवळ हवी. बँकेचे खाते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचे आणि आधारशी जोडलेले हवे.

जातीच्या दाखल्यात आपल्या लोकांची विशेष अडचण होते. शाळेच्या दाखल्यावर नुसते ‘बौद्ध’ लिहिलेले असते. १९९० च्या कायद्याने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, पण दाखला काढताना धर्मांतरापूर्वीच्या जातीचा पुरावा लागतो. शिवाय १० ऑगस्ट १९५० पूर्वी कुटुंब महाराष्ट्रात राहत होते, हेही दाखवावे लागते. म्हणून गावी गेलात की आजोबा-पणजोबांचा, चुलत्यांचा शाळेतला जुना उतारा काढून आणा. गावची शाळा आणि तहसील कचेरी यांच्या दप्तरात तो सापडतो. इंजिनिअरिंग, मेडिकल यांसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना जात पडताळणीचे प्रमाणपत्र लागते. त्याचा अर्ज मूल अकरावी-बारावीत असतानाच कॉलेजमार्फत द्या. प्रवेशाच्या आठवड्यात धावाधाव केली, तर हातची जागा जाते.

इथे सांभाळा

पहिली गोष्ट. अर्ज भरला म्हणजे काम झाले असे नाही. तो कॉलेजच्या लिपिकाकडे जातो, मग प्राचार्यांकडे आणि पुढे समाजकल्याण कार्यालयात. वाटेत कुठेही ‘त्रुटी’ म्हणून तो परत येऊ शकतो. दर आठ-दहा दिवसांनी तो कुठे आहे हे मुलांना पाहायला सांगा. पोचपावतीची प्रत घरात ठेवा.

दुसरी. दर वर्षी नूतनीकरण करावे लागते. पहिल्या वर्षी मिळाली म्हणून पुढे आपोआप मिळत नाही.

तिसरी. व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून घ्या. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही शिष्यवृत्ती मिळत नाही. ‘आत्ता पैसे भरा, नंतर स्कॉलरशिपचे बघू’ असे सांगणाऱ्या दलालापासून दूर राहा.

चौथी. २०२१ पासून केंद्राचा साठ टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येऊ लागला. त्यात कॉलेजची फी असते. खात्यात मोठी रक्कम दिसली म्हणून ती लग्नाला किंवा घराच्या पत्र्याला वापरली, तर वर्षअखेर कॉलेज निकाल आणि दाखला अडवून बसते. भत्ता किती आणि फी किती हे कॉलेजात विचारून घ्या आणि फीचा भाग भरून पावती घ्या.

पाचवी. शिष्यवृत्तीस पात्र मुलाकडून प्रवेशाच्या वेळी सगळी फी आगाऊ मागितली, तर घाबरून परत फिरू नका. अर्ज केल्याचा पुरावा दाखवा आणि नकार लेखी मागा. तो घेऊन जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्या कार्यालयात जा.

विहारात एक टेबल

हे सगळे रोजंदारीवर जाणाऱ्या आई-बापाला एकट्याने झेपत नाही. एक दिवस तहसिलीत घालवला की एक दिवसाची मजुरी जाते. म्हणून हे काम वस्तीने वाटून घ्यावे. निकालानंतरच्या प्रत्येक रविवारी, वंदना झाल्यावर, विहारात एक टेबल मांडावे. कॉलेजात शिकणाऱ्या दोन मुलामुलींनी अर्ज भरून द्यावेत. महिला मंडळाने वहीत नोंद ठेवावी : कोणाचे मूल कितवीला, कोणता कागद राहिला, शेवटची तारीख कोणती. जयंतीच्या वर्गणीतून थोडी रक्कम झेरॉक्स, प्रतिज्ञापत्र आणि गाडीभाड्यासाठी बाजूला काढावी. ज्याला आज शिष्यवृत्ती मिळाली, त्याने पुढच्या वर्षी दोघांचे अर्ज भरून द्यावेत.

‘शिका’ हा बाबासाहेबांचा आदेश आपण भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिला आहे. त्या भिंतीखाली बसून एका मुलीचा अर्ज मुदतीत भरला, तर तो आदेश पाळल्यासारखे होईल.

जय भीम!