शिरोरेषा कापणारे यंत्र

नाशिकचे इंदिरानगर हा मुंबई-आग्रा महामार्गालगत वाढलेला, मुख्यतः निवासी वस्तीचा भाग असून, इमारतींच्या तळमजल्यावरील गाळ्यांत थाटलेली दुकाने, दवाखाने व शिकवणीवर्ग यांच्यामुळे येथे पाट्या बनवणाऱ्याला कामाचा तुटवडा सहसा भासत नाही. या व्यवसायाची साधने गेल्या काही दशकांत अनेकदा पालटली. पेंटरच्या कुंचल्याची जागा प्लॉटरवर कापलेल्या आणि बाजारात ‘रेडियम’ याच नावाने रूढ झालेल्या चिकट विनाइलने घेतली, मग छापील फ्लेक्स आला, आणि आता एसीपीच्या, म्हणजे दोन पातळ अॅल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लॅस्टिकचा थर असलेल्या शीटवर अॅक्रिलिकची उठावदार अक्षरे बसवण्याची रीत पडली आहे. याच काळात महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ यात २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन, दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी लिपीतील मराठी फलक बंधनकारक झाला आणि त्यावरील मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असू नयेत असे ठरले. उठावदार अक्षरे कापणारे सीएनसी राउटर हे यंत्र परदेशातून, बहुधा चीनमधून, मागवू पाहणाऱ्या नाशिकच्या व्यावसायिकाने म्हणूनच ते देवनागरीच्या कसोटीवर पारखणे आवश्यक ठरते.

सीएनसी म्हणजे संगणकीय संख्यात्मक नियंत्रण. हत्याराने कोठून कोठे, किती वेगाने व किती खोल जायचे हे आकड्यांत सांगून यंत्राकडून काम करून घेण्याची ही पद्धत अमेरिकेत जॉन पार्सन्स यांच्या कल्पनेतून निघाली आणि १९५२ मध्ये एमआयटी या संस्थेने त्या तत्त्वावरील मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक दाखवले. राउटर हा त्याच कुळातील हलका, पण वेगवान वंशज होय. सपाट टेबलावर शीट पसरायची, तिच्यावरून एक आडवा पूल पुढेमागे सरकतो, पुलावरून स्पिंडल, म्हणजे हत्यार फिरवणारी मोटार, डावीउजवीकडे व खालीवर जाते, आणि स्पिंडलमध्ये पकडलेले कार्बाइडचे हत्यार, ज्याला कारागीर ‘बिट’ म्हणतात, मिनिटाला २४,००० फेऱ्यांपर्यंत फिरत शीट कापते. ‘१३२५’ असा जो आकडा विक्रेते सांगतात तो १३०० गुणिले २५०० मिलिमीटर या कामाच्या क्षेत्राचा संक्षेप असून, आठ बाय चार फुटांची, म्हणजे सुमारे २४४० गुणिले १२२० मिलिमीटरची शीट त्यावर अखंड मावते. स्वस्तातले लहान यंत्र घेऊन प्रत्येक शीट आधी हाताने कापत बसणे पुढे महागात पडते.

रोमन लिपीतील शब्द कापला की त्याची सुटी अक्षरे हाती येतात आणि ती एका ओळीत, सारख्या अंतरावर बसवण्याचे कष्ट कारागिराला करावे लागतात; देवनागरीत शिरोरेषा अक्षरांना बांधून ठेवत असल्याने, अनुस्वाराच्या टिंबासारखे सुटे भाग सोडल्यास, संपूर्ण शब्द एकसंध निघतो आणि त्याची ओळ बिघडण्याचा प्रश्नच उरत नाही. मात्र हा एकसंधपणा यंत्राची परीक्षाही घेतो. समजा, नाशिकच्या शेजारचेच ‘त्र्यंबकेश्वर’ हे नाव कापायचे आहे. त्याची लांबलचक शिरोरेषा पुलाच्या दिशेने जाते, तिच्यातून खाली उतरणारे ‘ब’ आणि ‘श्व’ यांचे दंड तिच्याशी काटकोनात यावे लागतात, आणि पूल ओढणाऱ्या दोन बाजूंच्या मोटारींत जराही मागेपुढे झाले की हा काटकोन बिघडून सगळा शब्द कलल्यासारखा दिसतो. अनुस्वाराचे टिंब ही त्याहून कठीण परीक्षा आहे, कारण दात्यांत ढिलाई असेल तर वर्तुळाचा घेर जेथे दिशा बदलतो तेथे चपटा होतो, आणि एवढ्याशा टिंबात तो दोष लपत नाही. ‘क’ आणि ‘ब’ यांच्या पोटातल्या पोकळ्यांत बिटच्या गोलाईचा हिशेब लागतो: तीन मिलिमीटर जाडीच्या बिटने आतला कोपरा दीड मिलिमीटर त्रिज्येने गोलच येणार आणि तीन मिलिमीटरपेक्षा अरुंद फट उघडणारच नाही. त्याहून बारीक बिट लावता येतो, पण तो लवकर मोडतो आणि तेच काम त्याच्याकडून थोड्या थोड्या खोलीने अनेक फेऱ्यांत करून घ्यावे लागते.

येथे अक्षरवळणाचाही प्रश्न येतो. पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ही मराठीची स्वतःची वळणे आहेत, राज्य शासनाने २००९ मध्ये प्रमाणित केलेल्या वर्णमालेतही त्यांना स्थान आहे, आणि तरीही हिंदी वळणाचा फॉन्ट संगणकात आयता असल्याने अनेक पाट्यांवर हिंदी ‘ल’ कापला जातो. छपाईतली चूक नव्या कागदाने झाकता येते. दहा मिलिमीटर जाडीच्या अॅक्रिलिकमध्ये कापलेले चुकीचे वळण मात्र दुकानाच्या कपाळावर वर्षानुवर्षे राहते. त्यामुळे मुंबईच्या ‘एक टाइप’ने घडवलेल्या मुक्त किंवा बलू यांसारखा, मराठी वळणे असलेला फॉन्ट निवडणे आणि मजकुराचे बाह्यरेषेत रूपांतर केल्यावर, जोडाक्षरात एकमेकांवर चढलेल्या रेषा एकत्र जोडून घेणे हा यंत्र सुरू करण्यापूर्वीचा अर्धा व्यवसाय आहे. त्या रेषा तशाच राहिल्या तर बिट अक्षराच्या पोटातूनही निष्कारण चर पाडत जातो.

बाह्यरेषेवरून बिटचा मार्ग आखणाऱ्या संगणक-प्रणालीला कॅम म्हणतात आणि तिच्यातून निघणाऱ्या आज्ञांना जी-कोड. या क्षेत्रात बहुपरिचित असलेली आर्टकॅम ही प्रणाली ऑटोडेस्क कंपनीने २०१८ मध्ये बंद केली, पुढे तिचा वारसा कार्व्हेको या नावाने चालू राहिला, आणि आज अस्पायरसारखे पर्यायही आहेत. यंत्राबरोबर ‘फुकट’ मिळणारी जुनी, परवानारहित प्रत स्वीकारणे म्हणजे व्यवसायाचा पाया दुसऱ्याच्या जागेवर घालणे होय. वेगाचे गणित त्यामानाने सोपे आहे. एका धारेचा बिट मिनिटाला १८,००० फेऱ्या घेत असेल आणि दर फेरीला ०.१५ मिलिमीटरचा कीस काढायचा असेल, तर पूल मिनिटाला २७०० मिलिमीटर सरकला पाहिजे. भीतीपोटी वेग कमी केला की कीस निघण्याऐवजी घर्षण वाढते, अॅक्रिलिक वितळते आणि कापलेली फट मागच्या मागे पुन्हा चिकटते. यंत्राचा सांगाडा जड का हवा, याचे उत्तर याच वेगात आहे, कारण हलका सांगाडा वळणावर थरथरतो आणि ती थरथर अक्षराच्या कडेवर लाटांच्या रूपाने उमटते.

परदेशी विक्रेत्याच्या कोटेशनमधील किंमत म्हणजे खर्चाची केवळ पहिली ओळ असते. आयातीसाठी विदेश व्यापार महासंचालनालयाकडून आयईसी हा क्रमांक घ्यावा लागतो, मालाची किंमत, विमा व जहाजभाडे यांच्या बेरजेवर मूळ सीमाशुल्क बसते, त्या शुल्काच्या दहा टक्के समाजकल्याण अधिभार लागतो, आणि या सर्वांवर एकात्मिक वस्तू व सेवा कर आकारला जातो. किंमत, विमा व जहाजभाडे यांची बेरीज दहा लाख रुपये, सीमाशुल्क साडेसात टक्के आणि कर अठरा टक्के धरला, तर शुल्क ७५,००० रुपये, अधिभार ७,५०० रुपये आणि कर १,९४,८५० रुपये होऊन यंत्र १२,७७,३५० रुपयांवर जाते. यांतील कराची रक्कम नियमित नोंदणी असलेल्या व्यावसायिकाला पुढील करात वळती करून घेता येते, आपसमेळ योजनेत असलेल्याला मात्र नाही; छोट्या दुकानदारांच्या हिशेबात हा फरक फार मोठा आहे. लाकडी खोक्यावर गव्हाच्या कणसाच्या चिन्हाचा शिक्का, म्हणजे ते लाकूड, बहुधा ५६ अंश सेल्सिअसला तीस मिनिटे तापवून, कीडमुक्त केल्याची खूण, नसेल तर बंदरात माल अडकून भाडे चढू लागते. मागणी नोंदवतानाच भारतातील ४१५ व्होल्टच्या त्रिफेज पुरवठ्याचा उल्लेख लेखी करावा लागतो, कारण चिनी यंत्रे बहुधा ३८० व्होल्ट धरून बांधलेली असतात.

बांधणीतले लोखंड डोळ्यांना दिसते, दुरुस्तीची सोय दिसत नाही. मोटारी, त्यांचे ड्राइव्ह, स्पिंडलला वीज पुरवणारा इन्व्हर्टर आणि नियंत्रक हे चार घटक अशा बनावटीचे हवेत की त्यांतला एखादा जळाल्यास तो अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीच्या परिसरात, निदान मुंबई-पुण्यात मिळावा. अनोळखी नियंत्रक असलेले यंत्र बिघडले, तर सुटा भाग समुद्रमार्गे येईपर्यंत घेतलेली कामे रखडतात. भारतात जुळवलेले यंत्र थोडे महाग पडले तरी तंत्रज्ञ दाराशी येतो, आणि ज्याच्याकडे विजेचे काम जाणणारा माणूस नाही त्याने थेट आयातीच्या वाटेला न जाणेच शहाणपणाचे.

जागेचा विचार इंदिरानगरात टाळता येणारा नाही. निवासी क्षेत्रासाठी ध्वनीची कायदेशीर मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे, तर औद्योगिक क्षेत्रात ती अनुक्रमे ७५ व ७० आहे. स्पिंडल, शीट धरून ठेवणारा निर्वात पंप आणि भुसा ओढणारे यंत्र एकत्र चालू झाल्यावर इमारतीच्या तळमजल्यावरून वरच्या घरांना शांतता मिळणे कठीण. एमडीएफचा, म्हणजे लाकडाच्या तंतूंपासून दाबून केलेल्या फळीचा, बारीक भुसा तर फुफ्फुसांत जाणारा असतो आणि पिशवी लावून तो आवरला नाही तर सर्वांत आधी कारागिराचीच प्रकृती बिघडते. त्यामुळे कामांच्या नोंदणीचे व जुळणीचे दुकान इंदिरानगरात आणि कापण्याचा गाळा जवळच्या अंबडमध्ये, ही विभागणी भाड्याचा बोजा वाढवूनही योग्य वाटते. टनभर वजनाचे यंत्र उतरवायला हायड्रा, म्हणजे फिरता क्रेन, लागतो, तो उभा राहील एवढी मोकळी जागा अंबडच्या रस्त्यांवर सापडते. महामार्गाखालच्या इंदिरानगर बोगद्याजवळच्या कोंडीत ते काम करू नये.

आगाऊ रकमेनंतरचा दुसरा हप्ता कारखान्याला पाठवण्यापूर्वी ‘त्र्यंबकेश्वर’ या शब्दाची फाइल तिकडे द्यावी, पाच मिलिमीटर अॅक्रिलिकमध्ये तो कापताना पूर्ण चित्रफीत घ्यायला सांगावी आणि कापलेला तुकडा खोक्यातच ठेवून मागवावा. गाळ्यात यंत्र पातळीत बसवून, त्याच्याच बिटने टेबलाचा पृष्ठभाग एकसारखा तासून घेतल्यावर, तीच फाइल पुन्हा चालवायची, दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवायचे, आणि आधी टिंबाचा घेर, मग शिरोरेषेच्या टोकाशी ‘र’ किती सरकला ते पाहायचे.